खेड्याची ओढ आणि खरेदीखत

सेवानिवृत्तीचा काळ जवळ येऊं लागला म्हणजे सुशिक्षित मनुष्याला खेडें आठवूं लागतें. ज्या खेड्यांतून बाहेर पडण्यासाठीं त्यानें विद्या संपादन केली, त्याच खेड्यांत आपलें एक टुमदार घर, चार झाडें आणि एक विहीर असावी, असें त्यास वाटतें. ही ओढ आजची नाहीं. कवि होरेस यास मिसीनसकडून सॅबाइन टेंकड्यांत मळा मिळाला, तेव्हांपासून शहराला विटलेल्या सज्जनांचें तें आवडतें स्वप्न होऊन बसलें आहे. इंग्लंडांतील मध्यमवर्गीय कुटुंबें फ्रान्सच्या दोर्दोन्य आणि प्रोव्हान्स भागांत जुनीं दगडी घरें विकत घेऊं लागलीं. पीटर मेल यांच्या १९८९ सालच्या पुस्तकानें तर त्या हौसेस बहर आणला. परंतु तीं घरें रिकामीं कां झालीं होतीं? शेतकऱ्यांचीं मुलें पोटासाठीं शहरांत गेलीं म्हणून. खेडें आधीं ओस पडतें आणि मग रमणीय दिसूं लागतें.

आमच्या वाशीम जिल्ह्यांतही हा प्रश्न आतां दाराशीं आला आहे. केंद्र सरकारनें २०१८ सालीं मागें पडलेले म्हणून जे ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत वाशीम होता. पुढें डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि जून २०२५ मध्यें सबंध ७०१ किलोमीटरांचा रस्ता खुला झाला. जें कालपर्यंत दूर होतें, तें वाटेवर आलें.

दुसऱ्याचें कशाला, माझेंच सांगतों. गतवर्षीं एका परिचित शेतकऱ्याचें पांच एकर वावर विकावयास निघालें. सोयाबीन-तुरीचें रान, धुऱ्यावर दोन कडुनिंब, पलीकडे नाला. पाहतांच मी मोहित झालों. शेतजमीन शेतकऱ्यानेंच घ्यावी, इतरांनीं परवानगी काढावी, असा आपल्याकडील कायद्याचा सामान्य रोख आहे. पण ती अडचण मला नव्हती. आजोबांच्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर माझें नांव आहे. नांगराला उभ्या जन्मांत हात न लावतां मी कागदोपत्रीं शेतकरी आहें; आणि तेंच रान वीस वर्षें बटईनें कसणाऱ्याचें नांव मात्र मालकांच्या ओळींत नाहीं.

भावाचें बोलणें संपल्यावर मीं शेतकऱ्यास सहज विचारलें, “विकतां कां?” तो म्हणाला, “सर, तुमाले इथली शांतता पायजे. आमाले पानी पायजे होतं.”

त्या रात्रीं मला होरेसच्याच काळांतील व्हर्जिलचें पहिलें गोपगीत आठवलें. त्यांत दोन गुराखी भेटतात. एकाची भूमि वांचली आहे व तो झाडाखालीं स्वस्थ आहे. दुसऱ्याची हिरावली गेली असून तो शेळ्या हांकीत देशोधडीस निघाला आहे. आपण खेड्याचें चित्र रंगवितों तेव्हां त्यांत पहिला असतो, दुसऱ्यास आपण वगळतों. मीं व्यवहार सोडला.

येथें हा निबंध संपला असता तर मला बरें वाटलें असतें. पण तें वावर दोन महिन्यांनीं एका व्यापाऱ्यानें कमी भावांत घेतलें. आज तेथें तारेचें कुंपण आहे आणि धुऱ्यावरून बायाबापड्या ज्या पायवाटेनें जात, ती बंद झाली आहे. माझ्या नकारानें माझें मन निर्मळ राहिलें; विकणाऱ्याच्या पदरीं मात्र त्यामुळें दोन पैसे कमीच पडले.

तेव्हां विकत घेणें हें पाप नव्हे, आणि न घेणें हें पुण्यही नव्हे. अडलेल्याला गिऱ्हाईक हवेंच असतें. दोष आहे तो खरेदीला प्रेम म्हणण्यांत. ज्या भूमीचा आनंद आपण घेऊं इच्छितों, तिच्या बुडालेल्या हंगामांतही वांटा उचलण्याची तयारी असेल, तरच त्या शब्दाला अर्थ आहे. ही कसोटी मला स्वतःला लावतांना लाज वाटली. कारण माझ्या दोन एकरांतली विहीर कित्येक वर्षें गाळानें भरलेली आहे, आणि मी नवें रान पाहत हिंडत होतों. या उन्हाळ्यांत तो गाळ काढावयाचा, आणि बटईदाराचा करार लेखी करावयाचा, असें ठरविलें आहे. खेड्याची ओढ खरी असेल, तर तिनें आधीं जुनें देणें फेडावें.