लांबणीवर पडलेला निर्णय आणि साधकाचे कर्तव्य

फलाची आसक्ती सोडावी, असे ज्या घरात नित्य सांगितले जाते, त्या घरातील मुलाने एकदा केलेल्या अर्जाविषयी पुन्हा लिहावे की स्वस्थ बसावे? हा प्रश्न आज अनेक गृहस्थांपुढे उभा राहतो.

अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालये नोव्हेंबरच्या आरंभी आलेल्या अर्जांचा आगाऊ निर्णय साधारणतः डिसेंबरच्या मध्यास कळवितात. कोणास प्रवेश मिळतो, कोणास नकार. आणि कित्येकांचा अर्ज ‘डिफर’ होतो, म्हणजे इतर सर्व अर्जांबरोबर पुन्हा विचारात घेण्यासाठी राखून ठेवला जातो. मग अंतिम उत्तर मार्चअखेरीच्या सुमारास येते. नकाराने आशा संपते. येथे ती टांगणीला लागते, म्हणून हे उत्तर सोसणे अधिक कठीण.

अशा वेळी एक पिता म्हणतो, “दैवात असेल ते होईल.” दुसरा वारंवार विचारणा करतो, मोठ्या लोकांच्या शिफारशी गोळा करतो. पहिला आळसाला वैराग्य समजतो, दुसरा आसक्तीला पुरुषार्थ. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि दैव. दैवाचा उल्लेख शेवटी आहे. योग्य चेष्टा शिल्लक असता दैवावर भार टाकणे हा कर्मत्याग होय.

ती चेष्टा कोणती? प्रथम महाविद्यालयाची सूचना नीट वाचावी. बारावीच्या सहामाहीचे गुण शाळेमार्फत पाठवावेत. परवानगी असल्यास एकच संक्षिप्त पत्र लिहावे. अर्जानंतर खरोखर जे नवे घडले तेवढेच त्यात सांगावे आणि तेथे शिकण्याची इच्छा कायम आहे हे कळवावे. अधिक काही पाठवू नका, अशी सूचना असेल तर मौन पाळणे हेच कर्तव्य.

सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: जी उद्वेग देत नाही, सत्य असते, प्रिय आणि हितकर असते, ती वाणी. पत्रालाही हीच कसोटी लावावी. “प्रवेश दिलात तर मी निश्चित येईन,” या वाक्याला तेथे मोल आहे. ‘अर्ली डिसिजन’च्या अर्जात असे वचन दिलेलेच असते, निर्णय लांबणीवर पडताच विद्यार्थी त्या बंधनातून मुक्त होतो. पुन्हा तेच वचन द्यायचे तर खर्चाचा विचार करून, एकाच महाविद्यालयास द्यावे. तेच वाक्य तीन ठिकाणी लिहिले तर कदाचित कोणास कळणारही नाही. परंतु विद्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आईबापांनी स्वतः असत्याचा पाठ दिला असे होईल.

शंका: इतर मुले असेच लिहितात, मग सत्य सांगणारा मागे पडणार नाही काय?

समाधान: पडेलही. सत्यवाद्यास जागा मिळेलच, असे आश्वासन गीता देत नाही. ती विचारते ते एवढेच की, कर्म करणारा कसा झाला. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत धैर्य आणि उत्साह हे दोन्ही आहेत. तसेच यश आणि अपयश यांत निर्विकार राहणेही आहे.

म्हणून पत्र गेले की ते कर्म पूर्ण झाले असे समजावे. मुलाने इतर महाविद्यालयांचे अर्ज आणि बारावीची परीक्षा यांत मन घालावे. वडीलधाऱ्यांनी रोज “काही कळले का?” असे विचारू नये. मार्चमध्ये कोणतेही उत्तर आले तरी त्या दिवशी घरातील पूजा, भोजन आणि मुलावरील प्रेम नित्याप्रमाणेच असावे.