वर्तुळ नेमके कुठे असते?

व्हेक्टर चित्रात रंगीत ठिपके साठवलेले नसतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांची सूत्रे असतात. ते बिटमॅपमध्ये बदलताना सॉफ्टवेअर पिक्सेलांची जाळी मांडते आणि प्रत्येक चौकोनाला एकच रंग देते. एक इंच व्यासाचे वर्तुळ 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) 300 पिक्सेल रुंद होते. सूत्र तिथेच हरवते; मोठे केले की कडा दातेरी होतात.

सूत्र आणि ठिपके यांतला हा फरक एका जुन्या विचाराची आठवण देतो. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या मते भूमितिज्ञ आकृती रेखाटतो, पण विचार मूळ आकाराचा करतो. मग व्हेक्टर हाच तो मूळ आकार का? नाही. इलस्ट्रेटर या व्हेक्टर सॉफ्टवेअरमधले वर्तुळ अशाच सूत्रांच्या चार वक्रांचे (बेझिए वक्रांचे) असते आणि त्याची त्रिज्या जास्तीत जास्त सुमारे 0.027 टक्के चुकते. म्हणजे तीही प्रतिमाच, मूळ आकाराच्या फार जवळची. म्हणून बिटमॅपला हलके लेखणे चूक आहे. पडद्यावर व्हेक्टरही पिक्सेल होऊनच दिसते.