अनाथांचा समाचार

वचन : याकोब १:२७

शुद्ध धर्म कोणता हे सांगताना याकोबाने प्रथम अनाथांचे व विधवांचे नाव घेतले. आणि त्यांच्याकरिता काय करावे हे सांगताना दानाचा उल्लेख न करता त्यांच्या संकटात समाचार घेण्याचा उल्लेख केला. मूळ ग्रीक शास्त्रात येथे जे क्रियापद आहे तेच मत्तयाच्या २५ व्या अध्यायात आजाऱ्याच्या भेटीविषयी आहे, आणि देवाने आपल्या लोकांकडे लक्ष दिले असे जखऱ्या याजक गातो तेथेही (लूक १:६८) तेच आहे. मंडळीच्या अध्यक्षाचे ग्रीक नावही ह्याच धातूपासून झाले आहे. तेव्हा समाचार घेणे म्हणजे एकदा जाऊन पाहून येणे नव्हे. जातीने लक्ष घालणे, विचारणे व पुन्हा विचारणे होय.

आफ्रिका खंडातील मिसर देशात नील नदीच्या काठी अस्यूत नावाचे शहर आहे. १९१० साली लिलियन ट्रॅशर नावाची तेवीस वर्षांची अमेरिकन कुमारी, ठरलेला विवाह मोडून, त्या देशी गेली. पाठीशी कोणतेही मिशन मंडळ नव्हते. काही काळाने एका मरणोन्मुख आईच्या बिछान्याशी तिला बोलावणे आले. आईचे तान्हे बाळ डब्यातले नासलेले दूध चोखीत होते. आई वारली, आणि बाळ ह्या कुमारीच्या हाती आले. ते रात्ररात्र रडे. घरच्या इतर मिशनरी मंडळींना झोप लागेना, म्हणून ते परत देऊन यावे असे तिला सांगण्यात आले. परत द्यावे, पण कोणाला? ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून तिने भाड्याने एक घर घेतले, आणि १० फेब्रुवारी १९११ रोजी ते अनाथगृह सुरू झाले. पहिली देणगी तारा वाटणाऱ्या एका पोराने दिलेली थोडीशी नाणी होती असे सांगतात. पुढे ती बाई गाढवावर बसून खेडोपाडी फिरे आणि लेकरांसाठी हात पसरी. ख्रिस्ती देत व मुसलमानही देत. १९६१ साली ती वारली तेव्हा त्या घरी सुमारे १२०० मुले होती. पन्नास वर्षे समाचार घेतला! आमच्या ज्या मंडळ्या "आम्ही गरीब, आम्ही काय देणार" असे म्हणतात, त्यांनी ते गाढव एकवार डोळ्यांपुढे आणावे.

आफ्रिकेची अनाथ लेकरे आपल्या देशाला परकी नाहीत. गेल्याच्या मागील शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना नाशिकजवळ शरणपूर येथे आश्रय मिळाला. तेथे ती अक्षरे व हातचे धंदे शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट ह्याने १८७३ साली डॉ. लिव्हिंगस्टन ह्यांचे हृदय पुरले त्या वेळी दफनविधीची उपासना वाचली. इतर कित्येकजण पुढे मोम्बासाजवळील फ्रियरटाऊन वसाहतीत जाऊन प्रभूची सेवा करू लागले. त्या मुलांचे गाव व गोत गुलाम धरणाऱ्यांनी उद्ध्वस्त केले होते. अशांना आश्रमच घर होय.

परंतु प्रत्येक मुलाची स्थिती अशी नसते. त्याच नील नदीच्या लव्हाळ्यात फारोच्या कन्येला पेटारा सापडला. तिच्याजवळ राजवाडा होता, दासी होत्या; तरी मोशे दूध पीत होता तोवर तिने त्याला त्याच्या सख्ख्या आईच्याच हाती सोपविले आणि त्याबद्दल तिला वेतन देऊ केले (निर्गम २:९). ती आपली आईच आहे हे राजकन्येला ठाऊक होते की नाही, शास्त्र सांगत नाही. देवाला मात्र ठाऊक होते. आज आफ्रिकेतील अनाथगृहांत पुष्कळ मुले अशी आहेत की ज्यांची आई किंवा बाप जिवंत आहे. दारिद्र्यामुळे, किंवा शाळेच्या आशेने, त्यांना तेथे सोडलेले असते. हे ओळखून केनियाच्या सरकारने २०२२ साली, मुलांनी संस्थांतून कुटुंबांत परत जावे, अशी दहा वर्षांची योजना मांडली.

आणि पाहुण्यांविषयी काय म्हणावे? ते दुरून येतात, खाऊ वाटतात, लेकराला मांडीवर घेऊन छायाचित्र काढतात, आणि चार दिवसांनी निघून जातात. जे एकदा टाकले गेले ते पुन्हा टाकले जाते. आम्हीही लहानपणी बोर्डिंगात पाहुण्यांपुढे ओळीने उभे राहून गीते गाइली आहेत. पाहुणे भले होते, पण आमचे नाव त्यांपैकी कोणीही विचारले नाही.

म्हणून कापणीच्या सणाचे अर्पण आफ्रिकेतील एखाद्या बालगृहाला पाठविण्याचे ज्या मंडळीने योजिले असेल, तिच्या उपदेशकाने प्रथम एक पत्र लिहावे. मुलाचे कोणी आहे काय? आई, आजी, मामा? ते त्याला भेटावयास येतात काय? शाळेची फी किंवा दोन शेळ्या दिल्याने ते मूल आपल्या घरी राहू शकेल काय? रात्री ताप आला तर त्याच्या उशाशी कोण बसते, आणि ती व्यक्ती पुढल्या वर्षीही तेथेच असेल काय? उत्तर आले म्हणजे ते उपासनेत सर्वांस वाचून दाखवावे, त्या लेकरांची नावे घेऊन प्रार्थना करावी, आणि पुढल्या कापणीला तेच प्रश्न पुन्हा लिहून पाठवावे.