क्षमा आणि ऋणफेड

सद्भक्तहो, मागे श्रावणातील प्रवचनानंतर एका माउलीने विचारले होते, "स्वामीजी, आपण क्षमा करा म्हणता. मग युद्धात नागवल्या गेलेल्यांनी भरपाई मागावी, हा द्वेषच नव्हे काय?" प्रश्न मनात राहिला, म्हणून येथे लिहितो.

महात्मा बसवेश्वरांच्या सात आचारांच्या वचनात आरंभी चोरी व हिंसा यांचा निषेध आहे आणि शेवटी अंतरंगशुद्धी व बहिरंगशुद्धी एकत्र आल्या आहेत. पश्चात्ताप ही अंतरंगाची गोष्ट. हिरावलेले परत करणे ही बहिरंगाची. एकीने दुसरीचे काम भागत नाही.

कोरियाचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी असंख्य कोरियन मुलींना फसवून वा बळाने नेऊन सैनिकांच्या वासनेच्या स्वाधीन केले गेले. १९९१ साली किम हाक-सून या वृद्धेने दक्षिण कोरियात आपले नाव सांगून हे उघडपणे मांडले. १९९५ साली जपानात एक निधी उभा राहिला. प्रत्येकीला २० लाख येन आणि पंतप्रधानांचे क्षमापत्र असे त्याचे स्वरूप होते. औषधोपचाराचा खर्च सरकारने उचलला. परंतु ही २० लाखांची रक्कम नागरिकांच्या देणग्यांतून आली होती. कोरियातील अनेक वृद्धांनी ती नाकारली.

का नाकारली? देणगीदारांची श्रद्धा खोटी नव्हती. त्यांचा तो दासोहच म्हणावा. पण अपराध राज्याचा होता, आणि राज्य म्हणत होते की १९६५ च्या करारानेच सारे देणे मिटले. सावकाराचे देणे बुडवून त्याच्या दारी शिधा पाठवला तर ऋण फिटते काय? दान घेणारा उपकृत होतो. ऋण वसूल करणारा ताठ मानेने उभा राहतो. त्या वृद्धांना हा ताठपणाच परत हवा होता. (ज्यांनी पैसे घेतले त्यांनाही दोष देऊ नये. म्हातारपण, आजार आणि एकटेपण आपण सोसलेले नाही.)

माउली, क्षमा ही पीडिताची संपत्ती आहे. ती केव्हा द्यायची हे तिने ठरवावे. ऋणकोने ती गृहीत धरून हात झटकू नयेत. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने भरपाई हा पीडितांचा हक्क मानला, त्यात पैशाबरोबर सत्यकथन आणि जाहीर क्षमायाचनाही आहे.

जानेवारी २०२१ मध्ये सोलच्या न्यायालयाने जपानने १२ जणींना प्रत्येकी १० कोटी वोन द्यावेत असा निकाल दिला. परराष्ट्राच्या न्यायालयाचा अधिकार आपल्यावर चालत नाही, असे जपानने म्हटले. फिर्याद करणाऱ्यांपैकी कित्येक जणी तोवर निवर्तल्या होत्या. किम हाक-सून तर १९९७ सालीच गेल्या.