चौपाटीवरचे विमान आणि उड्डाणाचा निकष

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले आणि त्यामुळे राइट बंधूंचा मान आठ वर्षांनी मागे पडतो, हे विधान आज मराठीत इतक्या वेळा केले जाते की त्याला पुरावा लागतो याचाच विसर पडला आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांवर बेतलेला 'हवाईजादा' हा चित्रपट आला. त्यावरून झालेल्या वादात एक बाजू अभिमानाची होती, दुसरी टिंगलीची. विमान उडाले असे म्हणायला काय काय सिद्ध व्हावे लागते, हे विचारायला दोन्ही बाजूंना सवड झाली नाही.

प्रचलित कथेनुसार ते यंत्र मनुष्याविना सुमारे दीड हजार फूट वर गेले आणि खाली कोसळले. बघ्यांत न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड होते, असेही सांगितले जाते. मात्र त्या काळच्या वृत्तपत्रातले अस्सल कात्रण आजवर कोणी पुढे ठेवलेले नाही. इंग्रजांनी प्रकरण दडपले, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. परंतु उच्च न्यायालयाचा न्यायाधीश आणि एका संस्थानचा अधिपती यांच्यासह मोठ्या जमावासमोर घडलेली घटना दडपायची कशी? कथेला साक्षीदारही हवेत आणि गुप्तताही हवी; दोन्ही एकदम मिळत नाहीत. जुने तंत्रज्ञान खरे असेल तर त्याचा माग उरतो. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा. सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल केवळ उताराच्या जोरावर शहरात आणणारे ते भुयार आजही उतरून पाहता येते. त्याचे श्रेय फारसी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याला देताना कोणाला कारस्थानाची कथा रचावी लागत नाही.

यावर 'वैमानिक शास्त्र' पुढे केले जाते. हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तोंडी सांगून लिहवून घेतला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची छाननी केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा ठरत नाही आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा १८९५ च्या प्रयोगाला या ग्रंथाचा आधार देणे म्हणजे नातवाच्या लग्नपत्रिकेवरून आजोबांचे लग्न सिद्ध करणे होय.

तळपद्यांचे यंत्र पाऱ्याच्या इंजिनावर चालले, ही गोष्ट त्याहून पोकळ आहे. अमेरिकेने अवकाशात पाऱ्यावर चालणारी आयन-इंजिने वापरून पाहिली, हे खरे. परंतु त्यांचा रेटा जेमतेम काही ग्रॅम वजनाइतका असतो आणि तो निर्वातात उपयोगी पडतो. चौपाटीच्या हवेत त्यावर एक पोस्टकार्डही धडपणे उचलले गेले नसते.

आता वादापुरती सगळी कथा खरी धरू. तरी काय सिद्ध होते? मनुष्याविना एक यंत्र वर गेले आणि पडले, एवढेच. सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवरचे मानवरहित यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे ३,३०० फूट अंतर उडाले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल त्या वेळी हजर होते. त्यांनी छायाचित्रही घेतले. इतका भक्कम पुरावा असूनही लँग्लींना पहिले वैमानिक कोणी म्हणत नाही. म्हणजे तळपद्यांची कथा संपूर्ण मान्य केली तरी ते लँग्लींच्या शेजारी बसतात, राइट बंधूंच्या पुढे नाही. पहिल्या उड्डाणाच्या इतर दावेदारांपैकी व्हाइटहेड यांचा १९०१ चा दावा पुराव्याअभावी बाद आहे. सांतोस-द्युमों यांचे १९०६ चे उड्डाण खरे, पण उशिराचे.

हवेत उचलले जाणे आणि हवेत ताबा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साऱ्या वादाची गाठ इथेच आहे. पहिली जमवणारे १९०३ च्या आधीही होते. दुसरीच्या अभावी ओटो लिलिएन्थाल १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून गेले. राइट बंधू नशिबाने जमून गेलेले सायकल-मिस्त्री होते, हा समजही तितकाच उथळ आहे. १९०१ मध्ये त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात वातबोगदा तयार करून शेकडो पंखाकृती तपासल्या. पंखांना पीळ देऊन तोल सावरण्याची युक्ती आणि सुकाणू यांची सांगड त्यांनी १९०२ च्या ग्लायडरवर बसवली; इंजिन त्यानंतर आले. १७ डिसेंबर १९०३ ला पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते, त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. पेटंटचा अर्ज मात्र त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये, उड्डाणापूर्वीच केला होता. १९०६ मध्ये मंजूर झालेल्या त्या पेटंटमध्ये इंजिन नाही. हक्क मागितला आहे तो यंत्रावर ताबा ठेवण्याच्या पद्धतीवर.