मुंगीला पोसले कोणी?

परकी जात बेटावर उतरली की तिथल्या जीवसृष्टीचा सत्यानाश ठरलेला, असे आपण धरून चालतो. ख्रिसमस बेटाची हकिगत मात्र इतकी सरळ नाही.

जावाच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातले हे ऑस्ट्रेलियाचे बेट. इथल्या जंगलावर सत्ता लाल खेकड्यांची. गळलेला पाला आणि कोवळी रोपे ते फस्त करतात. पावसाळा लागला की कोट्यवधींच्या संख्येने विणीसाठी समुद्राकडे निघतात. या बेटावर 1915 ते 1934 च्या दरम्यान पिवळी वेडी मुंगी पोचली. पुढची कित्येक दशके तिने कोणाचे वाकडे केले नाही. तिची पहिली महावसाहत आढळली 1989 मध्ये, आणि 2002 पर्यंत अशा वसाहतींनी सुमारे 2500 हेक्टर जंगल व्यापले.

मुंगी तीच, बेट तेच. मग बिनसले कुठे? उत्तर झाडांवर होते. लाखेच्या किड्याच्या कुळातला, बाहेरूनच आलेला एक कीटक झाडांचा रस शोषून गोड, चिकट स्राव टाकत होता. तुडतुडे पडलेल्या आंब्याची पाने चिकट होऊन काळी पडतात, हे कोकणातल्या बागायतदाराला ठाऊक आहे. बेटावर जंगलाचेही तसेच झाले. मुंग्यांना न आटणारे अन्न मिळाले आणि त्यांच्या राखणीत कीटक फोफावले. त्यात या मुंग्यांच्या वसाहतीत राण्या अनेक, आणि शेजारच्या वारुळाशी वैर नाही; म्हणून वारुळे एकमेकांना जोडत महावसाहती झाल्या.

ही मुंगी फॉर्मिक आम्ल फवारते. त्याने खेकडे आंधळे होऊन मरतात. एक कोटीहून अधिक खेकडे असे गेले. मुंग्या नसलेल्या भागांतले खेकडेही समुद्राच्या वाटेवर मुंग्यांच्या हद्दीतून जाताना मेले, आणि ती जंगलेही खेकड्यांविना ओस पडली. रोपे माजली, खेकड्यांनी इतकी वर्षे थोपवलेली आफ्रिकी गोगलगाय आत शिरली.

2002 मध्ये हेलिकॉप्टरमधून फिप्रोनिल या कीटकनाशकाचे आमिष टाकले गेले. मुंग्या घटल्या, पण कीटक शाबूत होते तोवर त्या पुन्हा वाढत. अखेर डिसेंबर 2016 मध्ये मलेशियातून आणलेली, जेमतेम दोन मिलिमीटरची परजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली. ती या कीटकाच्या अंगात अंडी घालते. मुंगीला हात न लावता तिचे ताट काढून घेण्याचा हा डाव.

एका परक्याला आवरायला दुसरा परका आणावा का? शंका रास्त आहे. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून 1935 मध्ये ऑस्ट्रेलियाने आणलेले केन टोड भेक भुंगेरे सोडून बाकी बरेच काही गिळत देशाच्या मोठ्या भागात पसरले. फरक इतकाच, की ही माशी सोडण्याआधी ती आणखी कोणावर जगू शकते, हे वर्षानुवर्षे तपासले गेले.

परकी जात कुठून आली, हे विचारणे सोपे असते. ती कोणाच्या जिवावर वाढते, हे विचारले तरच उपाय सापडतो. आणि हा प्रश्न आज निरुपद्रवी दिसणाऱ्या जातीबद्दलही विचारायला हवा. ख्रिसमस बेटावरची मुंगीसुद्धा अर्धशतकाहून अधिक काळ निरुपद्रवीच होती.