भाद्रपदातली कापणी

गणपती तोंडावर आले की पुण्यातल्या बागांत, सोसायट्यांच्या आवारांत ब्रश कटरची घरघर सुरू होते. नेमका तेव्हाच टाकळा पिवळा झालेला असतो, एकदांडी फुललेली असते, कुर्डूचे तुरे वर येऊ लागलेले असतात. दोन दिवसांत सगळे आडवे होते आणि जागा ‘स्वच्छ’ दिसू लागते.

टाकळ्याच्या पानांवर कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट ही फुलपाखरे अंडी घालतात. आंबुटीवर इवल्या पेल ग्रास ब्लूच्या अळ्या वाढतात. कटर फिरतो तो या अंड्या-अळ्यांवरून. मग झेंडूच्या कुंड्या मांडून भरपाई होत नाही; फुलपाखराला मध मिळेल, पण अळीला खायला पान कुठून आणायचे?

मधमाश्यांपैकी सातेरी आणि फुलोरी आपल्या ओळखीच्या. निळ्या पट्ट्यांची, एकेकटी राहणारी माशी मात्र मातीत बीळ करते. वांग्या-टोमॅटोच्या फुलांत पराग बंद नळीत असतो. ही माशी फुलाला घट्ट धरून स्नायू थरथरवते, तेव्हा तो झडतो. सातेरीला हे जमत नाही. हरळीचा दाट गालिचा अंथरून रोज पाणी मारलेल्या जमिनीत तिने बिळासाठी मोकळी माती शोधायची कुठे?

ब्रिटनमध्ये ‘प्लांटलाइफ’ ही संस्था 2019 पासून मे महिन्यात गवत न कापण्याची मोहीम चालवते. तो महिना आपल्या कामाचा नाही. आपल्या मे महिन्यात गवताच्या काड्याच उरलेल्या असतात. आपला हंगाम भाद्रपद-आश्विनाचा. बी झडले की कार्तिकात खुशाल कापावे, किंबहुना कापावेच, कारण वाळल्या गवताला वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

राखणे म्हणजे सोडून देणे नव्हे. 1955च्या सुमारास पुण्यात आढळलेले गाजर गवत फुलण्याआधी मुळासकट उपटावेच लागते. त्यासाठी झाड ओळखणारा माळी हवा. यंत्र सगळ्यांना सारखेच कापते. सापांची भीती खरी आहे, म्हणून पायवाटेच्या कडा कापलेल्या असाव्यात. डेंग्यूचे खापर मात्र गवतावर फोडू नये. तो डास वाढतो कुंडीखालच्या बशीत, टायरात साचलेल्या पाण्यात.

प्रत्येक मोठ्या बागेत एक तुकडा आश्विन संपेपर्यंत राखावा, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही. तिथे वनस्पतींची नावे आणि कापणीची तारीख लिहिलेली पाटी हवी. जागा मुद्दाम राखली आहे हे कळले, तर तक्रारीही कमी येतील.